शेपटीची चांदणी

बाई, मी तुमच्या बालवाडीत एकच वर्ष होते. आज तुम्ही असतात तरी मला ओळखलं नसतंत, एवढी पोरं तुमच्या हाताखालून गेली. खूण सांगायची तर चर्चच्या आवारातल्या घरांमधून रोज सकाळी मेथी-कोथिंबिरीची टोपली घेऊन फिरायची ती माझी आई, आणि तिचा पदर धरून भोकाड पसरणारी ती मी. एका सकाळी तुम्ही दोन जुड्या घेतल्या आणि माझ्याकडे बघत विचारलंत, "ही रोजच रडते का हो?" आई म्हणाली, "काय करू बाई, सासू व्हती तवर घरी ऱ्हायची. आता ठिवायला कोणी नाय. हिंडून पाय दुखत्यात, मंग रडती." तुम्ही म्हणालात, "मग टोपली रिकामी होईपर्यंत बसू दे इथे. पोरांत एक पोर." अशी माझी शाळा सुरू झाली. नाव घातलं नाही, दप्तर नाही, गणवेश नाही. आईची मेथी खपली की माझी शाळा सुटायची, आणि मेथी लवकर खपली की मला राग यायचा.

आता माझी साठी उलटली. आमचा मळा होता तिकडे इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीत तिसऱ्या मजल्यावर मी राहते. इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले त्याला कारण माझी नात. दोन वर्षांपूर्वी मुलाला जर्मनीत नोकरी लागली. मुलगा-सून दोघंही कामाला जाणारे, त्यामुळे ही पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. वरणभात माझ्या हातचा, झोप माझ्या मांडीवर, ताप आला तरी हाक मला. जायचं पक्कं झालं तेव्हा विहीणबाई माझी समजूत घालायला आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. ती काही रडायची नाही तिकडे. चार वर्षांचं पोर, वर्षभरात सगळं विसरून जाईल बघा." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोर रडणार नाही याचं मला बरं वाटलं नाही. मी तिच्या डोक्यातून पुसली जाणार, हे मला सोसेना.

त्याच दुपारी कपबशा विसळताना मी मनाशी म्हटलं, चार वर्षांचं पोर विसरतं म्हणतात, तर तुला गं काय आठवतं तेव्हाचं? माझी आजी आठवेना. मी तिच्याच कडेवर वाढले असं आई सांगायची, ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि तिचा नुसता आवाजसुद्धा माझ्यापाशी नाही. मळ्यातली विहीर आठवेना, बैलांची नावं आठवेनात. आठवलं ते एक नख. तुमच्या उजव्या अंगठ्याचं. जाड, मधोमध उभी चीर पडलेलं, कडेला थोडं पिवळं. ते लाल घोटीव कागदावरून सर्रकन फिरतं आहे, कागदाला धारदार रेघ पडते आहे, आणि वरून तुमचा आवाज येतो आहे, "घडी घातली की नखाने घोटायची. घोटली नाही तर कागद विसरतो."

त्या नखामागून मग बाकीचंही येत गेलं. नाताळच्या आधीचे ते दिवस. ओसरीवर सतरंजी, कोवळं ऊन, नाशकातली थंडी पोरांच्या नाकातून वाहते आहे आणि मधोमध वाटीत गव्हाच्या पिठाची खळ. ती खळ चिकटवण्यापेक्षा माझ्या पोटात जास्त गेली असेल. तुम्ही आधी झाड शिकवता. चौकोनी हिरवा कागद, टोकाला टोक, झाला त्रिकोण. एक मोठा, एक मधला, एक लहान, आणि एकावर एक चिकटवले की झालं झाड. मग टोपी. लाल कागदाची खालची कड बोटभर वर दुमडली की आतला पांढरा काठ दिसतो, वरचे दोन्ही कोपरे तिरके मागे मुडपले की नाताळबाबाची टोपी. आणि मग चांदणी. कागद कोपऱ्यावर उभा धरायचा, मधोमध घडी घालून उघडायचा, शेजारच्या दोन कडा त्या मधल्या रेघेवर आणायच्या. "हा पतंग," तुम्ही म्हणता. असे चार पतंग केले, बोथट टोकं मध्ये जुळवून चिकटवले की चार टोकांची चांदणी. चार-पाच वर्षांच्या पोरांना जमेल एवढंच तुम्ही शिकवत होतात, पण ते पूर्ण शिकवत होतात. कोणाच्या कागदाला तुम्ही कधी हात लावला नाही. तुमचा कागद तुमच्या हातात, आमचा आमच्या. आम्ही चुकलो की तुम्ही तुमची घडी उकलून पुन्हा पहिल्यापासून घालायचात, काही न बोलता, आणि आम्ही बघत राहायचो.

एकदा तुम्ही मला रागावलात तेही त्यावरूनच. शेजारच्या पोरीचा पतंग वाकडा होत होता आणि मला तो बघवेना. मी तिच्या हातातून ओढून घेतला आणि चटकन सरळ करून दिला. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही म्हणालात, "तिचा कागद आहे. तिला चुकू दे." आवाज चढवला नाहीत, पण मी दिवसभर तोंड फुगवून बसले. आईने घरी नेताना विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "बाईंना सरळ आवडत नाही." आई इतकी हसली की डोक्यावरची टोपली तिरकी झाली.

आणि ती शेपटी. घोटीव कागद आयताकृती यायचा, त्याचा चौकोन कापला की एक पट्टी उरायची. तुम्ही त्या पट्ट्या जपून बाजूला ठेवायचात. नुकतीच दिवाळी होऊन गेली होती, आमच्या मळ्यातल्या घरावर वडिलांनी कामट्यांचा आकाशकंदील लावला होता, त्याला खाली लांब झिरमिळ्या. दारात टांगायची चांदणी म्हटल्यावर तिला झिरमिळ्या हव्यातच, असा माझा सरळ हिशोब. मी दोन पट्ट्या उचलल्या, उभ्या फाडल्या आणि खळ लावून चांदणीच्या एका टोकाला डकवल्या. मोठ्या वर्गातल्या मुली बघायला आल्या आणि हसायला लागल्या. "अगं, ही दिवाळी नाही, नाताळ आहे. हा कसला तारा, हा तर कंदील." मला रडू फुटलं. माझी चांदणी मी पाठीमागे लपवली. तुम्ही हात पुढे केलात, मी दिली, तुम्ही ती उजेडात धरलीत. मग त्या मुलींना म्हणालात, "येशू जन्मला तेव्हाचा तो तारा तुम्ही पाहिला होता का? मीही नाही पाहिला. वाट दाखवायला पुढे चालायचं तर शेपटी असलेली बरी. मागच्यांना धरता येते." आणि स्टुलावर चढून ती चांदणी तुम्ही दारात टांगलीत. आई मला न्यायला आली तेव्हा टोपलीतल्या उरलेल्या कोथिंबिरीत झिरमिळ्या अडकल्या. तुम्हीच त्या सोडवल्यात आणि म्हणालात, "हे तुमच्या मुलीचं काम." पुढच्या वर्षी मी मळ्याजवळच्या शाळेत गेले. आई मात्र टोपली घेऊन येतच राहिली, आणि नाताळात घरी येऊन सांगायची, "बाईच्या दारात समद्या चांदण्यांना शेपटीच हाय अजून."

तुम्ही गेलात ते मला आईकडूनच कळलं. मी सातवीत होते, ती अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. "तुही ती कागदाची बाई गेली गं," ती म्हणाली. मी विचारलं, "कोणती?" आईचा हात थांबला. "आसं कसं इसरली? तुला गप केलं व्हतं तिनं. करंज्या द्यायची ना नाताळाला." मला तुमचं काही आठवेना आणि आईला त्याचं फार लागलं. पण त्या संध्याकाळी अभ्यासाला बसले तर बघते, वहीचं पान फाडून माझ्या हातांनी त्याचा चौकोन केलेला, उरलेली पट्टी बाजूला ठेवलेली आणि पतंगाची पहिली घडी नखाने घोटलेली. आईला मी ती चांदणी करून दाखवली. तिने ती देवघराच्या खुंटीला अडकवली आणि संक्रांतीपर्यंत काढली नाही.

म्हणून, बाई, विहीणबाईंच्या त्या वाक्यानंतर मी दुसऱ्याच दिवशी स्टेशनरीच्या दुकानात गेले. घोटीव कागद मागितला. दुकानदार म्हणाला, "मावशी, लय जुना शब्द काढला. क्राफ्ट पेपर म्हणा." घरात निघायची तयारी चालली होती, प्रत्येक खोलीत उघड्या बॅगा, वजनाचा काटा, सुनेच्या तोंडी सारखं "हे नको, ते राहू दे". पोर सगळ्यांच्या पायात यायची. सून म्हणाली, "आई, हिला जरा बसवा हो कशात तरी." मी गॅलरीत उन्हाला सतरंजी टाकली. आधी वर्तमानपत्रावर हात बसवला, तर आमचे हे म्हणाले, "निदान मी वाचल्यावर तरी कापत जा." नात हसली. मग रोज एक वस्तू. झाड केलं. टोपी केली. टोपी करताना तिने विचारलं, "आजी, तो सांता आपल्याकडे कुठून येणार? खिडकीला तर ग्रिल आहे." मी म्हटलं, "लिफ्टने येईल." तिला ते पटलं.

तुमच्यासारखं हात आवरून बसणं मला काही जमत नव्हतं. तिचे पतंग इतके वाकडे व्हायचे की माझी बोटं शिवशिवायची. दोनदा मी तिच्या कागदाकडे हात नेला आणि मागे घेतला. तिचा कागद आहे, तिला चुकू दे, असं मनात म्हणत माझा कागद उकलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पण खरं सांगते, तुमच्याएवढी मी निर्मळ नव्हते. तुम्ही पोरांना चांदणी शिकवत होतात. मी त्या पोरीच्या मनात स्वतःला खळ लावून चिकटवत होते. प्रत्येक घडीला म्हणायची, "कोणी शिकवलं? आजीने ना?" ती म्हणायची, "हो आजीने," आणि खळीचं बोट चाटायची. खळ मीही पिठाचीच केली होती. चांदणी झाल्यावर तिला शेपटी लावली आणि म्हटलं, ही तू तिकडे दारात टांगायची, म्हणजे रोज माझी आठवण येईल. असं चार वर्षांच्या पोरीला कोणी सांगतं का. पण मी सांगितलं.

जायच्या दिवशी पहाटे टॅक्सी आली. सगळे खाली उतरले, बॅगा चढल्या, पोर झोपेतच होती, तिला मीच कडेवर घेऊन उतरले. तिच्या मुठीत चांदणी दिली आणि मूठ मिटली. टॅक्सी वळली. वर येऊन बघते तर चपलांच्या स्टँडवर चांदणी. खाली उतरण्याआधी मी तिला बूट घातले तेव्हा मीच ती तिथे ठेवली असणार, आणि मुठीत मी दिली ती कोणती, तर टोपी. दोन्ही लाल, पहाटेच्या अंधारात आणि घाईत मलाच कळलं नव्हतं. मी स्टँडजवळ खाली बसले आणि खूप रडले. नंतर ती दाराच्या ग्रिलला बांधली. अजून आहे. लाल रंग उडून गुलाबी झाला आहे.

मग फोन. पहिले काही महिने ती पडद्याला ओठ लावायची, मला नुसतं तिचं नाक दिसायचं. मग "आजी, काय करतेस" विचारून उत्तराआधीच पळायची. मग मुलगा हाक मारायचा, "ये, आजीशी बोल," आणि लांबून आवाज यायचा, "नंतर." तिच्या मराठीत मध्येच तिकडचे शब्द यायला लागले. मी कधी विचारलं, "आपण गॅलरीत बसून काय करायचो आठवतं का?" तर ती म्हणायची, "कुठली गॅलरी?" तसं हसून सोडून द्यायचे मी. सुनेला वाटायचं मला काही वाटत नाही. विहीणबाई भेटल्या की त्यांना मात्र मी टाळायला लागले, कारण त्यांचं खरं होत चाललं होतं.

गेल्या रविवारी दुपारी फोन वाजला. पडद्यावर नात, पुढे टेबलावर रंगीत कागदांचा पसारा. आता सहा वर्षांची आहे, पुढचे दोन दात पडले आहेत. "आजी," ती म्हणाली, "तुला एक गंमत शिकवू? तुला येत नसेल. कागद आण. चौकोनी पाहिजे हां." मी कपाटातून कागद काढले, कात्री काढली. ती तिचा कागद फोनपुढे कोपऱ्यावर उभा धरते. मधोमध घडी घालते, उघडते, शेजारच्या दोन कडा रेघेवर आणते. "हा पतंग," ती म्हणते. "असे चार करायचे." मी हातातली कात्री खाली ठेवली. मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "कोणी शिकवलं गं तुला?" ती कागदातून मान वर न काढता म्हणाली, "कोणी नाही. मला येतंच." मागून सून म्हणाली, "अगं, आजीनेच नाही का..." मी मान हलवून तिला गप्प केलं. पोर सांगतच होती, "शाळेत सगळे स्टार करतात, खिडकीत लावतात. पण त्यांच्या स्टारला शेपटीच नसते. टीचरने मला विचारलं, ही शेपटी कशाला? मी म्हटलं, असतेच." मग तिने माझ्या कागदाकडे बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "आजी, असं नाही. नखाने घोट ना. नाहीतर कागद विसरतो."

बाई, मला वाईट वाटलं. तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू. दोन वर्षं ज्याची वाट बघत होते ते समोर आलं आणि त्यात मीच नव्हते. घडी होती, शेपटी होती, शब्दसुद्धा तुमचा जसाच्या तसा होता, आणि आजी कुठेच नाही. फोन ठेवल्यावर मी डोळे मिटून तुमचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. गोऱ्या होतात की सावळ्या, केसांचा अंबाडा होता की वेणी, चष्मा होता का. काहीच येत नाही. एक नख येतं. साठ वर्षं मी तुमच्या नखाने घड्या घालते आहे आणि रस्त्यात समोर आलात तर तुम्हाला वाट देऊन पुढे निघून जाईन. तुम्हाला याचं काय वाटलं असतं, हे मला खरोखर विचारायचं होतं. तुम्ही बहुतेक पुढचा कागद उचलला असता.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही. तुमची कबर कुठे आहे तेही मी कधी विचारलं नाही आणि सांगणारी आई आता नाही. शेवटच्या पानाचा चौकोन कापला की खाली चार बोटं पट्टी उरेल, तिथवर आले आहे. चौकोनाची चांदणी करीन, ग्रिलवरची जुनी झाली आहे. पट्टीवर एवढंच लिहिते. नातीला मी सांगितलं की मला हे येत नाही. आणि तिसरा पतंग मुद्दाम चुकवला, म्हणजे फोन लवकर ठेवला जाणार नाही. तिने माझ्या वाकड्या घडीकडे बघितलं, काही बोलली नाही, स्वतःचा पतंग उकलला आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला लागली.